केसाएवढ्या काचेत शेकडो वाटा

नंदुरबारमधल्या एका संस्थेच्या इमारतीत, जिन्याखालच्या अरुंद खोलीत, एका तरुण तंत्रज्ञाच्या शेजारी मी उकिडवा बसलो होतो. समोरच्या लोखंडी रॅकमध्ये त्याच सकाळी खोक्यातून काढलेला नवा नेटवर्क स्विच बसवला होता. त्याचा हिरवा दिवा लागायचा, दहा-वीस सेकंद टिकायचा आणि विझायचा. पुन्हा लागायचा, पुन्हा विझायचा. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर असाच एक स्विच होता. दोघांचं बोलणं जुळत होतं आणि तुटत होतं.

"सर, मॉड्यूल बदलून पाहिलं, पोर्ट बदलून पाहिलं," तो म्हणाला. "जुना स्विच याच केबलवर इतकी वर्षं बिनतक्रार चालला. या नव्याला काय धाड भरली?"

केबल नारिंगी होती. मोबाइलच्या उजेडात तिच्या अंगावरची छपाई वाचली: ६२.५/१२५. अशा केबलवर दर मीटरला लांबीचा आकडाही छापलेला असतो. खालच्या टोकाला १२०६ होता. तो पोरगा धावत वर गेला आणि तिथला आकडा फोनवर सांगितला, १२९४. म्हणजे मधे ८८ मीटर काच.

दोष सापडला होता, आणि तो स्विचमध्ये नव्हता. केबलही कुठे तुटलेली नव्हती. जुना स्विच सेकंदाला एक अब्ज बिट पाठवायचा, आणि त्या वेगाला ही काच २७५ मीटरपर्यंत साथ देते. नवा स्विच दहा अब्ज पाठवू पाहत होता. त्या वेगाला हीच काच जेमतेम ३३ मीटर पुरते. ८८ मीटरवर ती कधी तग धरत होती, कधी हात टेकत होती.

काच तीच, स्वच्छ, न झिजणारी. प्रकाशही तोच, अफाट वेगाने धावणारा. मग दहापट घाई केली तर अडतं कुठे? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही, कारण त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्रातली एक विलक्षण सुंदर करामत दडलेली आहे. ती करामत आपण दुकानात ओएम१, ओएम२, ओएम३ अशा रुक्ष नावांनी मीटरवर विकत घेतो.

आधी त्या धाग्याचं मोजमाप पाहू. केबलची रंगीत साल काढली, आतले बळकटीचे पिवळे तंतू बाजूला केले, प्लास्टिकचा पातळ लेप सोलला की हाती येतो १२५ मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे हा तंतू केसाहून थोडा जाड. पण प्रकाश सगळ्या तंतूतून जात नाही. तो जातो मधल्या गाभ्यातून. त्या नारिंगी केबलमध्ये गाभा ६२.५ मायक्रॉनचा होता, आणि छपाईतला पहिला आकडा त्याचाच. पुढच्या पिढ्यांच्या अशा केबलींमध्ये तो ५० मायक्रॉनचा झाला. गाभ्याची काच बाहेरच्या काचेपेक्षा किंचित दाट असते, त्यामुळे तिरका पडलेला किरण बाहेर निसटत नाही, पुन्हा आत वळतो. शाळेत आपण 'पूर्ण आंतरिक परावर्तन' म्हणून घोकलेलं तत्त्व ते हेच.

किंचित म्हणजे किती? ५० मायक्रॉनच्या गाभ्यात हा फरक एक टक्क्याहूनही कमी असतो. एवढ्याशा फरकावर प्रकाश कोंडला जातो.

आता खरी गोष्ट. एवढ्या बारीक गाभ्यात प्रकाशाला हवं त्या कोनात जाता येत नाही. एकतारीची तार जशी ठरावीक प्रकारेच कंप पावते, अधलंमधलं काही तिला जमत नाही, तसंच इथे प्रकाशाला ठरावीकच वाटा मोकळ्या असतात. या प्रत्येक वाटेला मोड म्हणतात. मल्टीमोड म्हणजे अनेक वाटांचा धागा. अनेक म्हणजे किती याचा हिशेब मांडता येतो. गाभ्याची रुंदी, काचेतला तो किंचित फरक आणि प्रकाशाची तरंगलांबी एवढं त्याला पुरतं. ८५० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशासाठी ५० मायक्रॉनच्या गाभ्यात साडेतीनशेच्या आसपास वाटा निघतात. त्या जुन्या ६२.५ च्या नारिंगी धाग्यात सुमारे हजार! केसाएवढ्या काचेत एकाच वेळी हजार वाटांनी प्रकाश चाललेला आहे आणि आपल्याला वरून दिसतो तो फक्त हिरवा दिवा.

शेकडो वाटा आहेत म्हटलं की अडचणही आलीच. मधोमध सरळ जाणाऱ्याची वाट आखूड, कडेकडेने नागमोडी जाणाऱ्याची लांब. सगळे एकाच क्षणी निघाले तरी एकाच क्षणी पोहोचणार नाहीत.

तो फरक डोळ्यांसमोर आणण्यासाठी प्रकाशाचा एक बिट हातात धरून पाहू. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा अब्ज बिटांच्या वेगाने लुकलुकणाऱ्या लेझरचा एक बिट सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात प्रकाश काचेत जातो फक्त दोन सेंटिमीटर. म्हणजे त्या धाग्यात एकेक बिट दोन सेंटिमीटर लांबीचा असतो, बोटाच्या एका पेराएवढा. जिन्याखालून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या ८८ मीटरमध्ये कुठल्याही क्षणी असे ४,४०० बिट एकामागोमाग चाललेले असतात. कुठे प्रकाश आहे, कुठे अंधार, आणि त्यातूनच कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा सीटी स्कॅन, कुणाची गुणपत्रिका घडते आहे.

गाभ्याची काच सगळीकडे सारखीच दाट ठेवली तर काय होईल? एक किलोमीटर अंतरावर पहिला आणि शेवटचा प्रकाश यांच्यात सुमारे ४५ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. शंभर मीटरला साडेचार नॅनोसेकंद. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्या वेळात मागून ४५ बिट येऊन धडकलेले असतात. पलीकडच्या स्विचला ठिपके दिसत नाहीत, सपाट धूसर उजेड दिसतो. सगळा प्रकाश पोहोचला, निरोप मात्र पुसून गेला.

यावर शास्त्रज्ञांनी जे केलं ते समजावून सांगायला मला सातपुड्यातल्या होळीपेक्षा चांगली जागा सुचत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्धच आहे. मोठमोठ्या ढोलांभोवती हातात हात गुंफलेली माणसांची रांग फिरत असते. ढोलाजवळचा माणूस जवळजवळ जागच्या जागी पाय टाकतो. रांगेच्या बाहेरच्या टोकाचा मात्र लांब लांब ढांगा टाकतो, कारण त्याला मोठं वर्तुळ कापायचं असतं. दोघांचं अंतर वेगळं, वेग वेगळा, पण रांग तुटत नाही. ढोलाच्या पुढच्या ठोक्याला सगळे एका ओळीत.

काचेत नेमकं हेच घडवून आणलं आहे. गाभ्याच्या मधोमध काच सर्वांत दाट ठेवायची आणि कडेकडे जाताना ती हळूहळू विरळ करत न्यायची. दाट काचेत प्रकाश सावकाश जातो, विरळ काचेत वेगाने. मधून सरळ जाणाऱ्याला आखूड वाट मिळते, पण त्याचे पाय जड असतात. कडेने वळसे घेणाऱ्याची वाट लांब, पण त्याच्या ढांगाही लांब. दाटपणाचा उतार अचूक आखला तर साडेतीनशे वाटांचा प्रकाश एकाच ठोक्याला पोहोचतो. किलोमीटरमागे ४५ नॅनोसेकंदांचं अंतर एका नॅनोसेकंदाहून खाली येतं. या उताराच्या काचेला ग्रेडेड इंडेक्स म्हणतात, आणि आज नेटवर्कसाठी मिळणारी ओएम१ ते ओएम५ पर्यंतची सगळी मल्टीमोड फायबर याच जातीची असते.

हा उतार बनवतात कसा? काचेची पोकळ नळी घ्यायची, तिच्यातून सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या संयुगांची वाफ सोडायची, बाहेरून तापवायचं. आत काचेचा तलम थर बसतो. पुढच्या थरात जर्मेनियम थोडं वाढवायचं, त्याच्या पुढच्यात आणखी थोडं. असे थरांवर थर देत शेवटी नळी तापवून मिटवायची. तयार होते काचेची एक जाड कांडी, तिच्या पोटात तो उतार. मग ती कांडी उंच मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसला वितळवून खाली ओढायची, पाकाची तार ओढावी तशी. कांडी बारीक होत होत १२५ मायक्रॉनची होते आणि किलोमीटरच्या किलोमीटर धागा निघतो. पोटातला उतार तसाच्या तसा राहतो, फक्त आक्रसतो. मला या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. मनगटाएवढ्या कांडीत आखलेलं चित्र केसाएवढ्या धाग्यात न विस्कटता उतरतं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टरलाइट कंपनीच्या कारखान्यांत असं ऑप्टिकल फायबर तयार होतं.

महाराष्ट्राचं या काचेशी नातं आणखी जुनं आहे, पण ते सांगण्याआधी थोडा मागचा इतिहास. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा पाठवली आणि १९५४ साली 'नेचर'मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर ती टेलिफोनची तार होऊ शकेल. त्याच कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. आणि त्यानंतर नऊच वर्षांत, १९७९ साली, भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये सुरू झाली ती पुण्यात! त्या काळी जगभर अशा जोडण्यांना मल्टीमोड काचच वापरत, एकाच वाटेची सिंगलमोड काच व्यवहारात आली ती १९८० नंतर. आज ज्या धाग्याला आपण 'फक्त इमारतीपुरता' म्हणतो, त्याने एके काळी शहरं बोलती केली होती.

आता त्या जिन्याखालच्या खोलीकडे परत येऊ, कारण एक गाठ अजून सुटलेली नाही. आमची ती ६२.५ ची नारिंगी काच म्हणजे ओएम१, आणि तिच्यातही उतार आहे. मग ती दहा अब्जांना का हरली?

ओएम१ आणि ओएम२ ज्या काळात बेतल्या गेल्या तेव्हा प्रकाश देणारा होता एलईडी. एलईडी म्हणजे ओंजळीने पाणी ओतणं. प्रकाश सगळ्या गाभ्यावर पसरतो, हजारही वाटा भरतात, आणि सगळ्यांची सरासरी चांगली असली की काम भागतं. पण एलईडी सेकंदाला ६२ कोटींच्या आसपास लुकलुकून थकतो. त्यापुढे जायला लेझर हवा. तो मिळाला टोकियोच्या केनिची इगा यांच्या १९७७ मधल्या एका कल्पनेतून. चिपच्या कडेने नव्हे, तर तिच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश फेकणारा छोटा लेझर. त्याला व्हिक्सेल म्हणतात. एकाच चकतीवर ते हजारोंनी उगवतात आणि कापण्याआधीच तपासता येतात, म्हणून स्वस्त पडतात. मल्टीमोड काच अजून टिकून आहे ती या स्वस्त लेझरच्या जिवावर.

व्हिक्सेल मात्र ओंजळीने ओतत नाही, तो धार धरतो. गाभ्याच्या थोड्याच भागावर पडतो आणि थोड्याच वाटा उजळतो. आता सरासरी कामाची नाही. नेमक्या ज्या वाटांवर प्रकाश पडला त्यांचाच उतार अचूक हवा. आणि जुन्या काचेत खोट नेमकी मधोमधच असायची. कांडी मिटवताना गाभ्याच्या केंद्रातलं जर्मेनियम थोडं उडून जाई आणि तिथे उतारात एक खळगा राही. एलईडीला तो खळगा जाणवत नसे, लेझरची धार थेट त्याच्यातच पडे. म्हणून ज्या काचेने एक अब्जापर्यंत वर्षानुवर्षं इमानाने काम केलं, ती दहा अब्जांच्या लेझरपुढे अडखळली. रांगेतल्या मधल्याच माणसाचं पाऊल चुकत होतं.

ओएम३ ही लेझरसाठी सुधारलेली काच. दहा अब्ज बिटांचं मानक २००२ साली आलं, त्याच सुमारास तीही आली. ओएम३ आणि ओएम४ यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक काहीही नाही. गाभा ५० मायक्रॉन, बाहेरची काच १२५, वजन तेच, पारदर्शकता तीच. फरक एकच, उतार किती अचूक आखला आहे. तो तपासतात कसा ते ऐकण्यासारखं आहे. लेझरची अतिसूक्ष्म धार गाभ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला एकेका मायक्रॉनच्या पावलांनी सरकवत नेतात. प्रत्येक पावलाला एक ठोका पाठवायचा आणि पलीकडे तो कधी पोहोचला ते टिपायचं. सगळ्या पावलांचे ठोके एका रेषेत आले की काच पास. ज्या धाग्यात ते आणखी काटेकोर जुळतात त्याला ओएम४ चं नाव मिळतं. तांत्रिक कागदावर हा काटेकोरपणा मेगाहर्ट्झ-किलोमीटरमध्ये लिहितात. लेझरसाठी ओएम३ ला किमान २,०००, ओएम४ ला ४,७००. ओएम१ चा त्याच तरंगलांबीवरचा एलईडीचा आकडा आहे २००. या आकड्यांमागे आहे ती रांगेची शिस्त.

डोळ्यांनी ओळखू येत नाही म्हणून तर साली रंगवल्या. नारिंगी म्हणजे ओएम१ किंवा ओएम२, आणि इथेच घोटाळा होतो. दोन्हींचा गाभा वेगळा आणि रंग एकच, म्हणून छपाई वाचायलाच हवी. आकाशी-हिरवट म्हणजे ओएम३, बहुधा ओएम४ सुद्धा. जांभळट आढळली तर ओएम४. पोपटी म्हणजे ओएम५. आणि पिवळी म्हणजे सिंगलमोड, ती जातच निराळी.

दहा अब्ज बिटांना ओएम१ पुरते ३३ मीटर, ओएम२ ८२, ओएम३ ३००, ओएम४ ४००. हे चार आकडे ज्याच्याकडे नेटवर्कची जबाबदारी आहे त्याने पाठ करावेत. आमची लांबी ८८ मीटर होती. जुनी नारिंगी काढून दुसरी नारिंगी, म्हणजे ओएम२ टाकली असती तरी सहा मीटरने कमीच पडलो असतो. ओएम३ सहज चालली असती. मी तरीही ओएम४ चा आग्रह धरला, आणि त्याचं कारण पुढच्या वेगात आहे. २५ अब्ज बिटांना ओएम३ ची मर्यादा ७० मीटर, ओएम४ ची १००. रॅकमधल्या पॅचकॉर्ड धरून आमची वाट ९४ मीटरची होणार होती. एकदा भिंतीतून, जिन्यातून, छताच्या वरून काच ओढली की ती पंधरा-वीस वर्षं तिथेच राहते. स्विच तोवर दोन-तीनदा बदलतात. बदलायला सोपी वस्तू स्वस्तात घ्यावी. भिंतीत जाणारी घेताना हात आखडू नये.

ओएम५ बद्दल विक्रेते हल्ली उत्साहाने बोलतात. ती काच ८५० नॅनोमीटरपासून ९५३ पर्यंत चांगलं वागेल अशी बेतलेली आहे, म्हणजे एकाच धाग्यातून चार वेगवेगळ्या 'रंगांचा' अदृश्य प्रकाश एकत्र नेता येतो. कल्पना देखणी आहे. पण त्यासाठी चार रंगांची मॉड्यूल, म्हणजे स्विचमध्ये बसणारी प्रकाश पाठवणारी-घेणारी यंत्रं, हवीत. साधं एकरंगी मॉड्यूल लावलं तर ओएम५ तुम्हाला ओएम४ पेक्षा जास्त काहीच देत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळेला, दवाखान्याला, कारखान्याला आज तिचे जास्तीचे पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

त्या पोराने मग विचारलं, "जुनी केबल अर्धी ठेवून पुढे नवी जोडली तर?" या प्रश्नाचं उत्तर नंदुरबार जिल्ह्यातच उभं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन. स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, राज्यांची सीमा फलाटावरून जाते. गाडीला मात्र त्याचं काही नाही, कारण राज्य बदललं तरी रुळांमधलं अंतर बदलत नाही. ओएम३ ला ओएम४ जोडणं तसं आहे. गाभा दोन्हीकडे ५०, प्रकाश बिनधोक पुढे जातो, फक्त सगळ्या वाटेला मर्यादा कमी दर्जाच्या काचेची लावायची. पण ६२.५ ला ५० जोडणं म्हणजे रुंद रुळांवरची गाडी अरुंद रुळांवर ढकलणं. गाभा प्रकाशाने पूर्ण भरलेला असेल तर नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने ३६ टक्के प्रकाश त्या सांध्यावर बाहेर सांडतो. कोनांचा हिशेब धरला तर आणखी जातो.

सांध्यावरून धुळीचं आठवलं, आणि नंदुरबारात ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिरचीच्या हंगामात शहराभोवतीच्या पथारींवर लाल मिरच्यांचे गालिचे पसरतात. वाऱ्याबरोबर तिखट कण सगळीकडे जातात, खोलीत, कपड्यांत, नाकात. काचेच्या गाभ्याची रुंदी ५० मायक्रॉन. मिरचीचा एक बारीक कण कनेक्टरच्या तोंडावर बसला तर सगळा दरवाजाच बंद होऊ शकतो. मी पाहिलेल्या बिघाडांपैकी बरेचसे काचेचे नव्हते, धुळीचे होते. कनेक्टरचं टोपण फेकून देऊ नये, जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसावं, आणि पुसायला शर्टाचं टोक नव्हे, त्यासाठीची खास कोरडी पट्टी वापरावी. चालू धाग्यात डोळा घालून मात्र कधीही पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही.

आता एवढं सगळं मल्टीमोडचं कौतुक केल्यावर सांगायलाच हवं की नंदुरबारच्या डोंगरदऱ्यांत ज्या काचेने गावं जोडायची आहेत, ती ही नव्हे.  ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी मिळाली, तीच आजची भारतनेट. त्या योजनेतली काच सिंगलमोड असते. तिचा गाभा फक्त नऊ मायक्रॉनच्या आसपास, वाट एकच, म्हणून कुणी मागे-पुढे होण्याचा प्रश्नच नाही. शिवाय तिच्यात प्रकाश क्षीणही फार हळू होतो. मल्टीमोडमध्ये ८५० नॅनोमीटरचा प्रकाश एका किलोमीटरला सुमारे निम्मा होतो. सिंगलमोडमध्ये १५५० नॅनोमीटरचा प्रकाश निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. अक्राणीच्या घाटात, जिथे टेकडीवर चढून मोबाइलची रेंज शोधणारी माणसं आजही दिसतात, तिथे हीच काच हवी.

आणि मजा अशी की सिंगलमोड केबल मल्टीमोडपेक्षा स्वस्तही असते! महाग पडतात ती तिच्या दोन टोकांची यंत्रं, कारण नऊ मायक्रॉनच्या भोकात लेझरची धार नेमकी बसवणं हे फार नाजूक काम. ५० मायक्रॉनचा दरवाजा त्या मानाने ऐसपैस, म्हणून मल्टीमोडची टोकं स्वस्त आणि केबल थोडी महाग. अंतर कमी आणि जोडण्या पुष्कळ असतील तर मल्टीमोड परवडते. अंतर वाढलं, इमारतीबाहेर, रस्त्यापलीकडे जायचं असलं, की सिंगलमोडला पर्याय नाही. एकाच आवारातल्या दोन इमारती जोडताना आजही कुणी मल्टीमोड सुचवलं तर मी त्यांना थांबवतो. पहिल्या वेळी चार हजार वाचतात आणि दहा वर्षांनी अंगण पुन्हा खणावं लागतं.

आम्ही शेवटी काय केलं? जिन्याखालून तिसऱ्या मजल्यापर्यंत बारा धाग्यांची ओएम४ ओढली. वापरायचे होते दोनच धागे, बाकीचे उद्यासाठी. त्याच नळीतून पिवळ्या सिंगलमोडचे चार धागेही नेले, टोकं सीलबंद करून ठेवली. नारिंगी केबल त्या पोराने फेकू दिली नाही. तिचा हातभर तुकडा त्याने सोलला, आतला तंतू नखावर धरला आणि मोबाइलचा उजेड एका टोकाला लावला. दुसऱ्या टोकाला सुईच्या अग्राएवढा पांढरा ठिपका उगवला. "सर, यात हजार वाटा?" त्याने विचारलं. तो ठिपका आम्ही दोघं बराच वेळ पाहत राहिलो.

संध्याकाळी नव्या स्विचचा दिवा लागला, तो विझला नाही.

तुमच्या शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, साखर कारखान्यात कुठे ना कुठे अशी केबल भिंतीवरून गेलेली असेल. एकदा तिच्या अंगावरची छपाई वाचा. गाभ्याचा आकडा, ओएमची जात आणि दोन्ही टोकांचे मीटर एका वहीत लिहून ठेवा. आणि नवी मागवताना मागणीपत्रात 'फायबर केबल, १०० मीटर' एवढंच लिहू नका. 'ओएम४, ५०/१२५, बारा धागे' असं पूर्ण लिहा.